न जुळलेल्या ओळी

गेल्या ऑक्टोबरात दक्षिण गोव्यातल्या एका औद्योगिक वसाहतीतून मला काम आले. मासळी गोठवून साठवणाऱ्या कारखान्याचे ते शीतगृह होते, त्यात चार चेंबर होते, आणि प्रत्येक चेंबरचे तापमान मिनिटाला एकदा नोंदवणारे यंत्र बसवलेले होते. माल विकत घेणाऱ्या परदेशी गिऱ्हाइकाने जून ते सप्टेंबर या चार महिन्यांचा हिशेब मागितला होता. तापमान उणे १८ अंशांच्या वर सलग पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वेळ राहिले असेल, तर ते कधी, किती वेळ, किती अंशांपर्यंत गेले आणि त्या वेळी दार उघडे होते की बंद, एवढेच त्यांना एका तक्त्यात हवे होते. त्यात अवघड काही दिसले नाही. फोंड्याहून बोरीचा पूल ओलांडून मडगावमार्गे मी तेथे पोचले, पेन ड्राइव्हवर फाइली उतरवून घेतल्या, आणि दोन दिवसांत तक्ता देते असे सांगून परतले. त्या दोन दिवसांचे सोळा दिवस झाले.

मिनिटाला एक नोंद म्हटली की एका चेंबरच्या दिवसाला १,४४० ओळी होतात आणि चार चेंबरच्या ५,७६०. जूनच्या पहिल्यापासून सप्टेंबरच्या तीसपर्यंत १२२ दिवस भरतात, म्हणजे तापमानाच्या ७,०२,७२० ओळी असायला हव्या होत्या. हा गुणाकार मी सगळ्यात आधी कागदावर करून ठेवला. त्या कामात माझ्या हातून शहाणपणाचे जे थोडे घडले त्यात हा गुणाकार पहिला, कारण फाइलीत काय आहे हे पाहण्याआधी फाइलीत काय असायला हवे होते हे ठरलेले असले, की पुढे स्वतःला फसवणे कठीण जाते.

शहाणपण तेवढ्यावरच संपले. मी मजकूर शोधणाऱ्या ग्रेप या आज्ञेने सगळ्या फाइलींत ‘अलार्म’ हा शब्द शोधला आणि फाइलवार मोजणी मागितली. (यंत्राच्या मूळ नोंदी रोमन लिपीत आहेत, येथे त्या देवनागरीत उतरवते.) जूनमध्ये अलार्म भरपूर होते, जुलैच्या १७ तारखेपर्यंत अधूनमधून होते, आणि १८ जुलैपासून थेट सप्टेंबरअखेरपर्यंत प्रत्येक फाइलीपुढे शून्य होते. मला आनंद झाला. मध्यंतरी कोणीतरी कॉम्प्रेसर दुरुस्त केला असावा असे मी गृहीत धरले, आणि व्यवस्थापकांना तसे फोनवर सांगण्याच्या बेतातही होते. नुसत्या ओळी मोजल्या तेव्हा त्या बेताला खीळ बसली: फाइली भरलेल्या होत्या, दिवसाला साडेपाच हजारांहून अधिक ओळी होत्या, पण त्यांत अलार्मच काय, ‘चेंबर’ हा शब्दसुद्धा एकदाही सापडत नव्हता.

कारण साधे निघाले. १८ जुलैला विंडोजच्या त्या संगणकावरील नोंदणीचे सॉफ्टवेअर अद्ययावत झाले होते आणि तेव्हापासून ते फाइली यूटीएफ-१६ या पद्धतीने लिहू लागले होते. त्या पद्धतीत प्रत्येक साध्या रोमन अक्षराला दोन बाइट लागतात आणि त्यांतला एक बाइट शून्य असतो. मजकूर-संपादकात (टेक्स्ट एडिटरमध्ये) फाइल उघडली तर मजकूर नेहमीसारखा दिसतो, पण ग्रेप बाइटांची सलग माळ शोधते, आणि त्या माळेत प्रत्येक अक्षराच्या शेजारी एक अदृश्य शून्य येऊन बसलेले असल्यामुळे तिला काहीच सापडत नाही. ती तक्रारही करत नाही. शून्य हे उत्तर देऊन मोकळी होते. १२२ दिवसांपैकी ७५ दिवसांच्या फाइली अशा होत्या. आयकॉन्व्ह या आज्ञेने त्यांना यूटीएफ-८मध्ये आणले तेव्हा अलार्म आपापल्या जागी दिसू लागले, आणि कॉम्प्रेसर कोणीही दुरुस्त केलेला नव्हता हेही कळले.

त्या संध्याकाळी मी लिहिलेली स्क्रिप्ट, म्हणजे तक्ता काढणारा छोटा प्रोग्रॅम, फेकून दिली आणि दुसरी सुरू केली. पहिली स्क्रिप्ट पॅटर्नला, म्हणजे ओळ कशी दिसायला हवी हे चिन्हांत सांगणाऱ्या नमुन्याला, जुळणाऱ्या ओळी उचलत होती आणि बाकीच्या सोडून देत होती, आणि बहुतेकजण असेच लिहितात. दुसरीचा नियम वेगळा होता: प्रत्येक ओळ कोणत्या ना कोणत्या पॅटर्नला जुळलीच पाहिजे, आणि जी जुळणार नाही ती फाइलीच्या नावासह व ओळीच्या क्रमांकासह ‘उरलेल्या’ नावाच्या वेगळ्या फाइलीत जाऊन पडली पाहिजे. शेवटी आत आलेल्या ओळी आणि जुळलेल्या अधिक उरलेल्या ओळी यांची बेरीज पडताळायची. ती जमली नाही तर स्क्रिप्टने तक्ता काढायचाच नाही. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत यासाठी जेमतेम दहा-बारा ओळी लागतात.

हे मी माझ्या बुद्धीने शोधले असे म्हणवत नाही. माझे वडील मांडवीवर खनिज वाहणाऱ्या बार्जवर होते, २०१२ साली खाणी बंद पडेपर्यंत. बार्जवर लॉगबुक असे, आणि लहानपणी ते पुस्तक चाळायला मला आवडे. (लॉग म्हणजे मुळात लाकडाचा ओंडका. जहाजाचा वेग मोजायला दोरी बांधलेले लाकूड पाण्यात टाकत, त्याचे आकडे ज्या वहीत लिहीत तिला लॉगबुक म्हणू लागले, आणि तो शब्द तेथून थेट संगणकात आला.) वडिलांच्या पुस्तकात एकही तास कोरा नसे. धक्क्यावर नुसते उभे असले तरी ‘उभे, भरती नाही’ असे लिहिलेले असे, आणि काही कारणाने नोंद राहून गेली तर ‘नोंद नाही’ ही नोंद असे, खाली कारणासह.

नव्या स्क्रिप्टच्या पहिल्या फेरीत जवळजवळ सगळ्याच ओळी उरल्या. माझे सर्व पॅटर्न ओळीच्या सुरुवातीला टोपीचे ^ चिन्ह आणि शेवटी डॉलरचे $ चिन्ह लावून दोन्ही टोकांना खिळलेले होते, आणि मी फाइली बाइटांच्या रूपात वाचत असल्यामुळे विंडोजच्या फाइलींत ओळीच्या अखेरीस नव्या ओळीच्या खुणेआधी जी कॅरेज रिटर्नची खूण असते ती तशीच शिल्लक राहत होती. टंकलेखी तारयंत्रांचा गाडा डावीकडे परत आणण्यासाठी असलेली ती खूण, यंत्रे भंगारात गेली तरी ओळींच्या शेपटीला चिकटून आहे. ती काढून टाकल्यावर उरलेल्या ओळी २१,३०६ झाल्या.

आता इतक्या ओळी कोण वाचणार? येथे मी जी युक्ती वापरली ती मला कोणत्याही चतुर पॅटर्नपेक्षा मोलाची वाटते, म्हणून जरा सविस्तर सांगते. मजकुरात बदल करणाऱ्या सेड या आज्ञेने प्रत्येक ओळीतला प्रत्येक अंक बदलून त्या जागी ९ टाकायचा. त्यामुळे (येथे वर्ष गाळून दाखवते) ‘१२-०६ ०२:१४:०९ चेंबर-३ -१८,४’ आणि ‘२७-०६ १९:४०:३३ चेंबर-१ -२०,१’ या दोन्ही ओळी अगदी सारख्या होतात: ‘९९-९९ ९९:९९:९९ चेंबर-९ -९९,९’. मग सॉर्टने सगळ्या ओळी क्रमाने लावायच्या, युनिकला प्रत्येक रूप किती वेळा आले ते मोजायला सांगायचे, आणि मोठ्या आकड्यापासून लहान आकड्याकडे पुन्हा लावायचे. सगळे मिळून एका ओळीत मावते आणि लाखभर ओळींना एक क्षण पुरतो. २१,३०६ ओळींची केवळ २३ रूपे निघाली. २३ ओळी चहा पिता पिता वाचून होतात. मासळीबाजारात पाटी ओतल्यावर बांगडे एकीकडे आणि तारले एकीकडे करतात, तसा हा निवाडा आहे. एकेका मासळीचे तोंड पाहत बसावे लागत नाही.

त्या २३ रूपांनी मला जे शिकवले त्यातले काही मजेचे होते, काही लाज आणणारे.

पहिली लाज उणे चिन्हाची. तापमान उचलण्यासाठी माझा पहिला पॅटर्न ‘एक किंवा अधिक अंक’ एवढाच होता, आणि तो उणे १८,४ मधून १८ उचलत होता. त्या हिशेबाने शीतगृहातली मासळी चार महिने पणजीच्या जानेवारीतल्या रात्रीइतक्याच थंड खोलीत पडून होती. उणे चिन्ह असल्यास घे, नसल्यास सोड, असे सांगणारे प्रश्नचिन्ह त्यापुढे जोडले, तरी काही ओळी चुकतच राहिल्या, कारण अद्ययावत सॉफ्टवेअर हायफनऐवजी युनिकोडमधले खरे वजाबाकीचे चिन्ह लिहीत होते. डोळ्यांना दोन्ही सारखेच. शेवटी चौकटी कंसात दोन्ही चिन्हे ठेवली.

दुसरी अडचण स्वल्पविरामाची. नोंदयंत्र युरोपातून आलेले आणि त्याच्या मूळ मांडणीत ठेवलेले, त्यामुळे दशांश बिंदूऐवजी स्वल्पविराम. तक्ता स्वल्पविरामांनी स्तंभ वेगळे करणाऱ्या सीएसव्ही फाइलीत द्यायचा होता, आणि उणे १८,४ चे तेथे दोन स्तंभ होऊन दाराची स्थिती तापमानाखाली आणि तापमानाचे अपूर्णांक दाराखाली जात होते. दोन अंकांच्या मधला स्वल्पविराम काढून तेथे बिंदू घालणे सोपे: डावा अंक एका कंसात पकडायचा, उजवा दुसऱ्या कंसात, आणि बदलीच्या मजकुरात पहिला कंस, बिंदू, दुसरा कंस असे लिहायचे. पण या बदलात एक चोरवाट आहे. ‘१,२,३’ असा मजकूर असेल तर पहिल्या जुळणीत १, स्वल्पविराम आणि २ खर्ची पडतात. पुढची जुळणी २ च्या नंतरच सुरू होते, तिला डावीकडे अंक मिळत नाही, आणि ‘१.२,३’ असा अर्धवट निकाल हाती येतो. डावा आणि उजवा अंक खर्च न करता केवळ आजूबाजूला आहेत का एवढेच पाहायला सांगणारी रचना वापरली की हे टळते. पायथन आणि पर्ल या दोन्ही भाषांत ती सोय आहे, साध्या सेडमध्ये नाही.

आमच्या फाइलीत मात्र दोन्ही चुकीचे ठरले असते. तासाच्या सारांशाच्या ओळीत चार आकडे सलग येत आणि त्यांना वेगळे करणारे चिन्हसुद्धा स्वल्पविरामच होते. चारही आकडे उणे असताना स्वल्पविरामानंतर उणे चिन्ह आले की नवा आकडा, हे उघड होते. पण बर्फ वितळवण्याच्या फेरीत शीतनळीचे तापमान शून्याच्या वर जाते, आणि मग ‘-१८,४,६,२’ अशी माळ समोर येते. येथे यंत्राचा स्वभाव कामाला आला: ते दशांशानंतर नेहमी एकच अंक लिहिते. म्हणून ‘उणे असेल-नसेल, अंक, स्वल्पविराम, एकच अंक’ हा तुकडा चार वेळा, मध्ये एकेक स्वल्पविराम, असा पूर्ण ओळ व्यापणारा पॅटर्न लिहिला आणि प्रश्न मिटला. स्वल्पविराम शोधून बदलत बसण्यापेक्षा संपूर्ण ओळीचे व्याकरण लिहिणे सोपे जाते, हे मला तेव्हा पटले.

दाराच्या नोंदी चौकटी कंसांत होत्या: चेंबर एका कंसात, दाराची स्थिती दुसऱ्यात, कामगाराचा शेरा तिसऱ्यात. पहिल्या कंसातला मजकूर हवा म्हणून दोन कंसांमध्ये बिंदू-तारा (बिंदू म्हणजे कोणतेही अक्षर, तारा म्हणजे ते कितीही वेळा) लिहिला, तर त्याने पहिल्या कंसापासून ओळीतल्या शेवटच्या कंसापर्यंत सगळेच ओढून आणले. तारा स्वभावाने हावरा आहे. किनाऱ्यावरची रापण जशी येईल ते सगळे वाळूवर आणते, तसा. तो प्रश्नचिन्ह लावून आवरता येतो. पण मला ‘बंद कंस सोडून काहीही’ असे लिहिणे अधिक आवडते, कारण त्यात काय नको ते स्पष्ट सांगितलेले असते आणि सहा महिन्यांनी वाचणाऱ्यालाही ते कळते.

तारा केवळ हावरा नसतो, कधी कधी अडूनही बसतो. वीज गेल्यामुळे अर्धवट तुटलेल्या एका ओळीवर माझी स्क्रिप्ट थांबली ती थांबलीच. वीस मिनिटांनी मी ती बंद केली. गटाच्या आत तारा आणि त्या गटावर पुन्हा तारा, अशी माझी रचना होती. ओळ शेवटी जुळत नाही असे दिसताच पॅटर्न जुळवून पाहणारे पायथनचे इंजिन मागे येऊन तीच अक्षरे वेगळ्या वाटणीने पुन्हा लावून पाहते, आणि अशा वाटण्यांची संख्या अक्षरागणिक दुपटीने वाढते. याहून साध्या पॅटर्ननेही मोठे नुकसान केलेले आहे. २० जुलै २०१६ रोजी स्टॅक ओव्हरफ्लो हे प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांचे संकेतस्थळ ३४ मिनिटे बंद होते, ते ओळीच्या टोकांच्या मोकळ्या जागा छाटणाऱ्या पॅटर्नपुढे सुमारे २०,००० सलग मोकळ्या जागा असलेला मजकूर आल्यामुळे. गंमत अशी की संगणकशास्त्रज्ञ केन थॉम्पसन यांनी १९६८ सालच्या आपल्या निबंधात दिलेली पद्धत मागे येतच नाही. ती सगळ्या शक्यता एकाच वेळी सोबत घेऊन अक्षरामागून अक्षर पुढे जाते. त्यांनीच लिहिलेल्या ग्रेपचे नाव एड या मजकूर-संपादकातल्या आज्ञेवरून पडले: सगळीकडे शोध आणि छाप. मजकूर हाताळणारी ऑक ही भाषा १९७७ सालची, पर्ल १९८७ सालची. पुढच्या भाषांनी पॅटर्नला नवनव्या सोयी दिल्या आणि त्या सोयींसाठी मागे येणारे इंजिन पत्करले. मी आतला तारा काढला. तीच ओळ क्षणात ‘उरलेल्या’ फाइलीत जाऊन पडली.

शेऱ्यांनी मात्र मला दोन दिवस अडकवले, आणि ते दिवस वाया गेले असे मला वाटत नाही. शीतगृहातले बरेच कामगार मराठी प्राथमिक शाळेत शिकलेले, त्यामुळे शेऱ्याच्या रकान्यात ते देवनागरीत मराठी लिहितात: ‘दुसऱ्या चेंबरचे दार नीट लागत नाही’, ‘४ क्रेट बाहेर’. ‘दुसऱ्या’ हा शब्द शोधला तर नऊ ओळी मिळाल्या. डोळ्यांनी चाळल्यावर मात्र त्याहून कितीतरी जास्त दिसत होत्या. संशय आला म्हणून एकेका अक्षराचा युनिकोड क्रमांक छापून पाहिला. आपल्या ‘ऱ्या’मधला तो डोळ्याच्या पापणीसारखा अर्धा र दोन रीतींनी लिहिता येतो: एका रीतीत नुक्ता असलेला ऱ, त्याला हलन्त आणि मग य, दुसऱ्या रीतीत साधा र, हलन्त, त्यानंतर शून्य रुंदीचे जोडचिन्ह आणि मग य. पडद्यावर ‘दुसऱ्या’ आणि ‘दुसर्‍या’ यांत काडीचा फरक दिसत नाही, कारण ते जोडचिन्ह दिसतच नाही. दिवसपाळीच्या संगणकावरचा कळफलक एक रीत वापरत होता, रात्रपाळीतल्या फोनवरचा दुसरी. दोन्ही रीती उभ्या रेघेने जोडून पर्याय म्हणून दिल्या तेव्हा नऊचे तेवीस झाले. ज्यांना मराठी मजकुरात काही शोधायचे असते त्यांनी वाऱ्यावर, किनाऱ्यावर, तिसऱ्या अशा शब्दांबाबत ही खबरदारी घ्यावी. नाही तर अर्धे उत्तर पूर्ण म्हणून हाती येते.

त्याच रकान्यात पायथनने आणखी एक धडा दिला. ‘शब्दातले अक्षर’ या अर्थाची जी उलटी तिरकी रेघ आणि डब्ल्यू अशी खूण आहे, ती पायथनच्या नेहमीच्या रेजेक्स (म्हणजे पॅटर्न जुळवण्याच्या) लायब्ररीत काना-मात्रांना अक्षर समजत नाही. त्यामुळे ‘दार’चे ‘द’ आणि ‘र’ असे तुकडे पडतात आणि काना वाऱ्यावर जातो. पर्लमध्ये असे होत नाही. उलट अंकांच्या खुणेबाबत पायथन उदार आहे: त्याला देवनागरी ४ आणि इंग्रजी 4 दोन्ही अंकच वाटतात, आणि ‘४ क्रेट’मधला ४ तो विनातक्रार पूर्णांकात बदलून देतो. कोठे उदार, कोठे आखडू, हे आधी ठाऊक नसेल तर मनस्ताप होतो. मी शेऱ्यांसाठी अक्षरांची व्याप्ती स्वतःच लिहिली: देवनागरीचा पूर्ण युनिकोड पट्टा आणि ते अदृश्य जोडचिन्ह.

आता दाराच्या वेळांची गोष्ट, जिच्यात माझ्या घाईने एका माणसावर बालंट येणार होते. पहिल्या कच्च्या तक्त्यात चेंबर ३ चे दार रोज पहाटे दोन-चाळीसच्या सुमारास उघडत असल्याचे दिसले. ते मी व्यवस्थापकांना कळवले, आणि त्यांनी रात्रीच्या राखणदाराकडे पाहायला सुरुवात केली. (आमच्याकडे राखणदार हा देवाचाही शब्द आहे, वेशीवरच्या राखणदाराला नारळ देऊन पुढे जाणाऱ्या लोकांत हा संशय किती जड असतो ते सांगायला नको.) शीतगृहावरचे वयस्क पर्यवेक्षक सासष्टी तालुक्यातले. मी दुसऱ्यांदा गेले तेव्हा त्यांनी मला बाजूला घेतले आणि कोकणीत शांतपणे विचारले, बाय, रात्री पावणेतीनला रोज, आणि रविवारी कधीच नाही, हा कसला चोर? माझ्याकडे उत्तर नव्हते. घरी येऊन दाराच्या नोंदी आणि तापमानाच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या. दार उघडल्यानंतर तापमान चढायला हवे. ते चढत होते, पण साडेपाच तासांनी. दाराचे नियंत्रक यंत्र ग्रिनिच वेळेवर चालत होते आणि तापमानाचे भारतीय वेळेवर. दोन-चाळीस म्हणजे सकाळचे आठ-दहा. पाळी बदलून पहिला माल काढण्याची वेळ. मी त्याच रात्री व्यवस्थापकांना फोन केला आणि दुसऱ्या दिवशी राखणदारांना प्रत्यक्ष भेटून माझी चूक सांगितली. ते हसले, पण चहा विचारला नाही.

हे सगळे निस्तरल्यावर ‘उरलेल्या’ फाइलीत २,००० हून कमी ओळी राहिल्या आणि त्यांतल्या १,८९६ ओळींचे रूप एकच होते: तापमानाची अगदी व्यवस्थित ओळ, फक्त वर्ष २०००, महिना जानेवारी, तारीख १. माझ्या पॅटर्नमध्ये मी वर्ष नेमके लिहिले होते, म्हणून त्या जुळल्या नव्हत्या. ‘चार अंक’ असे सैल लिहिले असते तर त्या निमूट जुळल्या असत्या आणि पुढे ‘जून ते सप्टेंबर’ या चाळणीत निमूट गळाल्या असत्या, आणि त्या गळाल्याचे मला कधीच कळले नसते. सैल पॅटर्न कधी नापास होत नाही, आणि मला त्याच्यात तीच खोट वाटते.

नोंदयंत्राच्या आतल्या घड्याळाची नाण्याएवढी बॅटरी मेली होती. वीज गेली की घड्याळ शून्यावर, म्हणजे २००० सालच्या पहिल्या मिनिटावर येई, आणि वीज आल्यावर दर तासाला एकदा होणाऱ्या वेळजुळणीपर्यंत तेथूनच पुढे मोजत राही. चार महिन्यांत असे सोळा वेळा झाले होते. गोव्यातल्या जूनमध्ये वीज जाणे ही बातमी नव्हे. शिवाय जून-जुलैच्या ६१ दिवसांच्या मासेमारीबंदीत कारखाना साठवलेल्या मालावरच चालतो, चेंबर भरलेले असतात. म्हणजे ज्या मिनिटांत तापमान चढण्याची शक्यता सर्वांत जास्त, नेमक्या त्याच मिनिटांच्या ओळी माझ्या पॅटर्नला न जुळणाऱ्या होत्या. योगायोग नव्हताच तो. ओळ बिघडते तेव्हा बहुधा काहीतरी बिघडलेले असते, आणि आपण बिघाडच शोधायला निघालेलो असतो.

त्या ओळींना खरी वेळ परत देणे जमले. वेळजुळणीनंतरची पहिली खरी ओळ आणि तिच्या आधीची शेवटची खोटी ओळ यांत एका मिनिटाचे अंतर असते; त्यावरून फरक काढायचा आणि त्या खेपेच्या सगळ्या खोट्या वेळांत तो मिळवायचा. प्रत्येक खेपेचा फरक वेगळा, म्हणून सोळा वेळा वेगवेगळा हिशेब. शिवाय सुरुवातीचा गुणाकार येथे कामाला आला: ७,०२,७२० ऐवजी ६,९७,९८८ ओळी होत्या, म्हणजे ४,७३२ ओळी कोठेच नव्हत्या. चार चेंबरने भागले की १,१८३ मिनिटे, पावणेवीस तासांना दोन मिनिटे कमी. सोळा खंडांच्या कालावधींची बेरीज वेगळी केली, तीही तेवढीच आली. त्या रात्री मला नीट झोप लागली.

अंतिम तक्त्यात पंधरा मिनिटांहून मोठ्या नऊ घटना आल्या. त्यांतल्या सहा २००० सालच्या ओळींमधून आल्या होत्या. व्यवस्थापकांना हे आवडले नाही आणि त्यांनी ते लपवलेही नाही. पण तक्ता आहे तसाच गिऱ्हाइकाकडे गेला, आणि त्याच्या शेवटी मी दोन पुरवण्या जोडल्या. पहिलीत ते सोळा खंड, प्रत्येकासमोर ‘नोंद नाही, वीज नव्हती’ असे लिहून. दुसरीत शेवटपर्यंत न उलगडलेल्या सहा ओळी, मध्येच तुटलेल्या, जशा होत्या तशा. गिऱ्हाइकाच्या तपासनिसाने पहिला प्रश्न त्या सहा ओळींबद्दलच विचारला. पर्यवेक्षकांनी त्याला वीज जाण्याच्या वेळांचे स्वतःचे हाताने लिहिलेले टिपण दाखवले, आणि सहाही ओळी त्यातल्या सहा वेळांना लागून निघाल्या. ते टिपण त्यांच्याकडे आहे हे मला सोळा दिवसांत कोणी सांगितले नव्हते, आणि मीही विचारले नव्हते.

बॅटरी बदलून झाली. स्क्रिप्ट आता दर रात्री चालते आणि उरलेल्या ओळींची रूपे मोजून सकाळी मला पाठवते. गेले काही आठवडे तो आकडा शून्य असे. काल तीन आला. तिन्ही ओळी चेंबर २ च्या आहेत, आणि तापमानाच्या जागी आकडा नसून तीन आडव्या रेघा आहेत. सकाळी पर्यवेक्षकांना फोन करून सेन्सरची तार पाहायला सांगितली आहे.